चेनसॉची धार : टेबलावरचं ग्राइंडर घ्यावं का, आणि घ्यावं तर कुठलं?

चेनसॉ घेताना गिऱ्हाईक इंजिनाचे सीसी विचारतं, बार किती इंची ते विचारतं, तासाला पेट्रोल किती जाईल तेही विचारतं. चेनला धार कोण लावणार, हा प्रश्न मात्र दुकानात सहसा निघत नाही. तो निघतो पहिल्या चिंचेच्या बुंध्यात करवत अडली की. धारेची चेन लाकडातून ढलप्या काढते, बोथट चेन पीठ काढते. पीठ पडायला लागलं की माणूस करवत वरून रेटतो, बार तापतो, क्लच घसरतो आणि दोष इंजिनाच्या माथी बसतो.

महाराष्ट्रात चेनसॉ आता फक्त वनखात्याच्या आणि लाकूडठेकेदारांच्या हातात राहिलेली नाही. पावसाळ्याआधी शहरांत होणारी फांद्यांची छाटणी, आंबा-काजूच्या जुन्या बागांना नवी पालवी यावी म्हणून केलेली खोडछाटणी, जळाऊ लाकडाची कामं, सगळीकडे ती पोहोचली आहे. त्यात वादळांची भर पडली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं. अशा वेळी रस्ता मोकळा करायला चेनसॉशिवाय गत्यंतर नसतं आणि नेमक्या अशाच कामात धार सर्वात लवकर जाते. उन्मळून पडलेल्या झाडाच्या सालीत माती आणि वाळू भरलेली असते. रस्त्याकडेच्या झाडात खिळे, तारा, जुन्या पाट्यांचे स्क्रू सापडतात. साग तर स्वतःच्या लाकडातच सिलिका बाळगून असतो.

म्हणून बागायतदार, छाटणीचे ठेकेदार आणि दुरुस्तीची दुकानं यांच्यात टेबलावर बसवायच्या विजेच्या ग्राइंडरची चौकशी वाढली आहे. बाजारात खेळण्याइतक्या हलक्या मशीनपासून कारखान्यात शोभेल अशा मशीनपर्यंत सगळं मिळतं. जाहिरातीत बोलतात ते वॅटवर आणि आरपीएमवर. निवड ठरवणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्याच आहेत.

दाताची रचना

आज वापरतो त्या चेनच्या दाताचा जन्म अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला. जोसेफ कॉक्स हा तिथला लाकूडतोड्या. १९४६ साली त्याने एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती डावीकडे आणि उजवीकडे आलटूनपालटून जबडा चालवत, रेषेच्या दिशेची पर्वा न करता लाकूड खात होती. त्या नमुन्यावर कॉक्सने एकाआड एक डावा-उजवा दात असलेली चेन घडवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये तिचं उत्पादन सुरू केलं. पुढे त्यातूनच ओरेगन हा ब्रँड उभा राहिला. त्याआधीच्या चेनला हातकरवतीसारखे उभे दात असत आणि त्यांना धार लावणं हे जाणत्या कारागिराचंच काम होतं. कॉक्सच्या दाताला आकडीसारखा वाक आहे आणि आतून गोल खोबण आहे. म्हणूनच त्याला गोल कानस चालते आणि म्हणूनच ग्राइंडरच्या चाकाची कडही गोलसर लागते.

प्रत्येक दाताला दोन भाग असतात. मागे कापणारं पातं आणि पुढे एक छोटा उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज. पातं किती खोल घुसणार हे हा उंचवटा ठरवतो. धार लावणं म्हणजे तीन गोष्टी सांभाळणं. एक, पात्याच्या माथ्याचा कोन. बहुतेक चेनला तो ३० अंश असतो, काहींना २५ किंवा ३५. ओंडका लांबीने चिरून फळ्या काढायच्या चेनला तो साधारण १० अंशांवर आणतात. दोन, डावे आणि उजवे दात लांबीला सारखे ठेवणं. तीन, डेप्थ गेज पात्यापेक्षा ठरलेल्या मापानेच खाली ठेवणं. या तिन्हींपैकी एक चुकली तरी नवी कोरी दिसणारी चेनसुद्धा कामाची राहत नाही. डावे दात लांब आणि उजवे आखूड झाले तर करवत सरळ उतरत नाही, एका बाजूला ओढत जाते आणि काप कमानीसारखा वाकडा येतो. कुठलंही ग्राइंडर याच तीन कसोट्यांवर तपासायचं.

कानस पुरेशी आहे का?

मशीनच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘हो’ असतं. ज्याच्याकडे एक करवत आणि दोन चेन आहेत, त्याला योग्य मापाची गोल कानस, कोन दाखवणारी पट्टी आणि एक चपटी कानस एवढं पुरतं. टाकी भरायला थांबलं की प्रत्येक दातावर दोन-तीन हात मारायचे. चेन बारवरच राहते, वीज लागत नाही आणि दात फार थोडा झिजतो.

कानशीचं माप चेनच्या पिचवर ठरतं. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं केलं की पिच मिळतो. ३/८ इंच लो प्रोफाइल चेनला ४ मिमीची कानस, ०.३२५ इंचाला ४.८ मिमीची, पूर्ण ३/८ इंचाला ५.२ किंवा ५.५ मिमीची आणि ०.४०४ इंचाला ५.५ मिमीची. आपल्याकडे खूप खपणाऱ्या मध्यम आकाराच्या पेट्रोल करवतींवर ०.३२५ इंच पिचची चेन मोठ्या प्रमाणात दिसते.

ग्राइंडरची खरी गरज तीन ठिकाणी पडते. चेन खिळ्यावर किंवा दगडावर गेली की पात्यावरचा कठीण क्रोमचा थर तुटतो. धार त्या थरातच असते. तो जिथे शाबूत आहे तिथपर्यंत दात मागे घ्यावा लागतो आणि हे कानशीने करायला बसलं तर हात भरून येतात. दुसरं, हाताने वारंवार कानसून दात लहानमोठे झाले की सगळे पुन्हा एका मापात आणायला मशीनच लागतं. तिसरं म्हणजे संख्या. ७६ ड्राइव्ह लिंकच्या, म्हणजे बारच्या खाचेत चालणाऱ्या कड्यांच्या, नेहमीच्या चेनला ३८ दात असतात. अशा आठ-दहा चेन रोज संध्याकाळी टेबलावर येत असतील तर कानस हा मार्ग राहत नाही.

मशीनच्या मर्यादाही पाहायला हव्यात. ते रानात नेता येत नाही. बेफिकीर हातात ते एका बैठकीत चेनचं निम्मं आयुष्य खाऊन टाकतं. शिवाय मशीनच्या चाकाने केलेली खोबण आणि गोल कानशीची खोबण तंतोतंत एक नसते. मशीनवरून आलेल्या चेनला पहिल्यांदा कानस लावताना ती नीट बसत नाही असं वाटतं, त्याचं कारण हेच. जाणकार दोन्ही ठेवतात. रोजची धार कानशीची, आणि बिघडलेली चेन मार्गावर आणायला मशीन.

बाजारातले चार गट

पहिला गट लहान चाकाच्या हलक्या मशीनचा. चाकाचा व्यास १०५ किंवा १०८ मिमी, अंग बहुतांशी प्लास्टिकचं, मोटार ब्रशवाली आणि वेग जास्त. ऑनलाइन दुकानांत वेगवेगळ्या नावांनी दिसणारी बरीच मशीनं एकाच घडणीची असतात, फरक रंगाचा आणि स्टिकरचा. किंमत कमी, वजन कमी आणि कडकपणाही कमी. चाक खाली आणताना दांडा किंचित बाजूला डुलतो. हे डुलणं डोळ्यांना जेमतेम दिसतं, पण दाताच्या लांबीत उतरतं.

दुसरा गट १४५ मिमी चाकाच्या मशीनचा. दांडा आणि पाया धातूचा, मोटार बहुधा इंडक्शनची, कोनांच्या खुणा स्पष्ट कोरलेल्या. इटलीतली रेज्जो एमिलियाची टेकोमेक कंपनी या घडणीसाठी प्रसिद्ध आहे. ओरेगन ब्रँडचीही याच आकाराची मशीनं बरीच वर्षं वापरात आहेत. याच घडणीच्या चिनी नकला आपल्या बाजारात येतात. त्यांतल्या काही चांगल्या निघतात, काहींत ओतकाम खडबडीत असतं आणि सांधे सैल असतात.

तिसरा गट आपोआप पकडणाऱ्या मशीनचा. दांडा खाली आणला की चेन धरणारा शेगडा स्वतःहून ती आवळतो, दांडा वर गेला की सोडतो. काहींत ही पकड तारेने किंवा कॅमने होते, तर ओरेगन ६२० सारख्या मशीनमध्ये हायड्रॉलिक दाबाने. दर दाताला शेगडा हाताने घट्ट-सैल करावा लागत नाही आणि पकड दरवेळी सारखी बसते. दिवसाला पंधरा-वीस चेन करणाऱ्या दुकानाला हा फरक पैशांत मोजता येतो. स्टिल ब्रँडचं यूएसजी हे सर्व प्रकारच्या चेनसाठीचं मशीनही व्यावसायिक वापराचंच. स्टिलचा भारतातला कारभार पुण्याजवळच्या चाकण भागातून चालतो, त्यामुळे या ब्रँडच्या सुट्या भागांची चौकशी मराठी ग्राहकाला जवळच्या विक्रेत्याकडे करता येते.

चौथा गट पूर्ण स्वयंचलित मशीनचा. चेन लावायची, दातांची संख्या द्यायची आणि मशीन एकामागून एक दात पुढे ओढत धार लावतं. स्वीडनमध्ये अशी मशीनं बनतात, कारण तिथे यंत्रांनी होणाऱ्या वृक्षतोडीत चेनचा खप प्रचंड आहे. आपल्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला किंवा तालुक्याच्या दुकानाला याची गरज नाही.

मोटारपेक्षा पकड आधी

मशीन पाहायला गेलं की नजर आधी मोटारवर जाते. जायला हवी ती शेगड्यावर. चेन धरणारा शेगडा हा या मशीनचा आत्मा आहे. दात चाकाखाली आल्यावर तो पुढे-मागे, आडवा किंवा वर-खाली हलता कामा नये. शेगड्याच्या दोन पट्ट्या समांतर हव्यात आणि ड्राइव्ह लिंकच्या जाडीला नीट बसायला हव्यात. ही जाडी म्हणजे गेज. तो १.१ मिमी, १.३ मिमी, १.५ मिमी किंवा १.६ मिमी असतो. १.१ मिमीची चेन सैल धरणारा शेगडा १.६ मिमीची घट्ट धरत असला तरी पहिल्या चेनला त्याचा उपयोग नाही.

शेगड्यामागचा अडसर हा तेवढाच महत्त्वाचा. दाताची पाठ या अडसराला टेकते आणि तिथून लांबी ठरते. अडसर पातळ पत्र्याचा असेल आणि बोटाने दाबल्यावर वाकत असेल, तर प्रत्येक दात वेगळ्या लांबीचा निघणार. डावे दात झाल्यावर शेगडा फिरवून उजव्या दातांसाठी दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांवर आणतात. शेगड्याचा मध्य चाकाच्या मध्याशी जुळला नसेल तर इथेच डाव्या-उजव्यात फरक पडतो. चांगल्या मशीनमध्ये हा मध्य जुळवायची सोय असते. स्वस्त मशीनमध्ये ती नसते आणि मग एका बाजूचे दात झाल्यावर खोलीचा स्क्रू पुन्हा लावून, कॅलिपरने मोजत काम करावं लागतं.

दांड्याच्या सांध्याचंही तसंच. मशीन बंद असताना दांडा अर्ध्यावर आणून डावी-उजवीकडे हलवून पाहावा. खट् असा आवाज आला किंवा हालचाल जाणवली, तर ते मशीन मोटार कितीही ताकदीची असो, सोडून द्यावं. दाताचं घासकाम हे क्षणभराचं असतं, त्याला फार ताकद लागतच नाही. लागते ती स्थिरता.

चाक : आकार, जाडी आणि जात

१४५ मिमीच्या चाकात जाडीचे तीन प्रकार नेहमी लागतात. लो प्रोफाइल आणि ०.३२५ इंच चेनसाठी ३.२ मिमी, पूर्ण ३/८ आणि ०.४०४ इंचासाठी ४.७ मिमीच्या आसपासचं आणि डेप्थ गेज खाली घेण्यासाठी ६ मिमी किंवा त्याहून जाड. मशीनबरोबर कुठली चाकं येतात हे पाहावं आणि आपल्या चेनचं चाक त्यात आहे ना याची खात्री करावी. १०८ मिमीच्या मशीनला बरेचदा एकच चाक येतं, आणि ते आपल्या पिचचं असेलच असं नाही.

भोकाचं माप हा या खरेदीतला सर्वात दुर्लक्षित भाग. मोठ्या चाकांचं भोक साधारण २२ मिमीचं असतं, लहान चाकांत २२ आणि २३ मिमी दोन्ही दिसतात. एक मिलिमीटरचा फरक म्हणजे डुगडुगणारं चाक. मुंबईतल्या नागदेवीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत सुटं चाक घ्यायला जाताना जुनं चाक बरोबर न्यावं. ज्या मशीनची चाकं आपल्या शहरात किंवा खात्रीच्या विक्रेत्याकडे मिळत नाहीत, ते मशीन चाक संपेपर्यंतच उपयोगाचं.

नेहमीची चाकं ॲल्युमिनियम ऑक्साइडची असतात. ती झिजतात, त्यांची कड चपटी होते, आणि मशीनबरोबर मिळणाऱ्या दगडाने ती पुन्हा गोल करावी लागते. हे काम टाळलं की दाताची खोबण बिघडते आणि पातं बोथट कोनाचं होतं. थोडी खरखरीत चाकं घ्यावीत. फार बारीक कणांचं चाक लवकर मळतं आणि पोलाद तापवतं.

याला महागडा पर्याय म्हणजे सीबीएन, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडचं चाक. हा पदार्थ १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट वेंटॉर्फने तयार केला. कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल, पण पोलादावर हिऱ्यापेक्षा सरस. तापलेल्या लोखंडात हिऱ्यातला कार्बन विरघळू लागतो आणि हिऱ्याचं चाक लवकर मरतं. बोरॉन नायट्राइडचं तसं होत नाही. या चाकाची कड बदलत नाही, त्याला वळण द्यावं लागत नाही, धूळ कमी उडते आणि दात कमी तापतो. मात्र त्याचा आकार पक्का असतो, म्हणून दोन पिचच्या चेन असतील तर दोन चाकं लागतात. रोज चेन करणाऱ्या दुकानालाच ते परवडतं. बचावपथकांच्या करवतींना कधीकधी कार्बाइडच्या टोकाची चेन असते. तिला मात्र हिऱ्याचंच चाक लागतं, साध्या चाकावर ती चढवू नये.

पाणी उतरण्याचा धोका

ग्राइंडरने बिघडवलेल्या चेनची ओळख सोपी आहे. दाताच्या टोकाला निळी-जांभळी झाक दिसते. पोलाद इतकं तापलं की त्याचं पाणी उतरतं आणि धार पहिल्याच कापात वळते. काही वेळा उलटं होतं. तापलेला भाग झटकन थंड होऊन इतका कडक होतो की पुढे त्यावर कानस घसरते.

याचा संबंध मशीनशी कमी आणि हाताशी जास्त आहे. चाक दातावर दाबून धरायचं नाही. टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. जास्त धातू काढायचा असेल तर पूर्ण चेनच्या दोन फेऱ्या माराव्यात, एकाच दातावर थांबू नये. मळलेलं, चकाकी आलेलं चाक घासण्यापेक्षा तापवतं जास्त, म्हणून दर चेनला एकदा दगडाने त्याची कड ताजी करावी. लहान मशीनच्या वेगवान चाकाखाली ही चूक चटकन होते. म्हणूनच ‘शिकायला स्वस्त मशीन, मग चांगलं घेऊ’ हा सल्ला उलटा पडतो. स्वस्त मशीन सांभाळायला सरावलेला हात लागतो.

वीज आणि मोटार

इंडक्शन मोटारचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर अवलंबून असतो. आपल्या ५० हर्ट्झवर दोन पोलांची मोटार मिनिटाला सुमारे २,८०० फेरे मारते. १४५ मिमीच्या चाकाची कड तेव्हा सेकंदाला साधारण २१ मीटर धावते आणि या कामाला तेवढं पुरेसं आहे. ब्रशवाल्या लहान मोटारी याहून बऱ्याच वेगाने फिरतात. त्यांचे कार्बन ब्रश मिळतात का ते विचारावं, आणि किती मिनिटं सलग चालवायचं हे नामपट्टीवर वाचावं. चेन संपायच्या आत मोटारला विश्रांती मागणारी मशीनंही बाजारात आहेत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन मागवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे निवड मोठी आहे. तिथली मशीनं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. इंडक्शन मोटार मग हळू फिरते आणि गरजेपेक्षा जास्त तापते. मागवायचंच असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं, युरोपच्या बाजारासाठी बनलेलं मशीन पाहावं.

कोन आणि डेप्थ गेज

चांगल्या मशीनवर तीन कोन स्वतंत्रपणे लावता येतात. शेगडा आडवा फिरवून माथ्याचा कोन, चाकाचं डोकं कलतं करून पात्याखालचा उतार, जो बहुधा ५५ ते ६० अंशांवर ठेवतात, आणि शेगडा खाली-वर कलवून तिसरा कोन. टोकदार कोपऱ्याच्या फुल चिझल चेनला हा तिसरा कोन बरेचदा १० अंश लागतो, गोलसर कोपऱ्याच्या सेमी चिझलला शून्य चालतो. लहान मशीनवर फक्त पहिलाच कोन बदलतो. मातीच्या, सालीच्या, रस्त्याकडेच्या लाकडासाठी सेमी चिझल चेनच बरी, कारण तिची धार जास्त टिकते. तीच वापरणाऱ्याला तिसरा कोन नसला तरी फारसं बिघडत नाही. चेनच्या खोक्यावर तिचे कोन छापलेले असतात. खोकं टाकून देऊ नये.

धार लावत गेलं की पातं मागे सरकतं. पात्याचा माथा मागे उतरता असल्यामुळे ते खालीही येतं. मग डेप्थ गेज उंच राहतो आणि धारदार चेनही फक्त भुसा काढते. दर तीन-चार वेळा धार लावल्यावर डेप्थ गेज तपासावा. बहुतेक चेनला तो पात्यापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली हवा. ०.४०४ इंचाच्या मोठ्या चेनला थोडा जास्त, सुमारे ०.८ मिमी. ज्या मशीनवर जाड चाक लावून डोकं उभं करता येतं, त्यावर हे काम सुबक होतं. नसेल तर मापपट्टी आणि चपटी कानस पुरते. भरभर कापायच्या लोभाने तो जास्त खाली घेतला तर करवत लाकडाला हिसका देते आणि बार उलटा अंगावर येण्याचा धोका वाढतो. इथे हात आखडता घेतलेलाच बरा.

दुकानात काय पाहावं

मशीन विकत घेण्याआधी आपली स्वतःची, शक्यतो वापरलेली चेन बरोबर न्यावी. ती शेगड्यात लावावी, आवळावी आणि दात बोटांनी हलवून पाहावा. दांडा हलवून पाहावा. खोलीच्या स्क्रूला अडकवण्याचा नट आहे का पाहावा, नाहीतर थरथरीने माप सरकतं. चाक हाताने फिरवून ते डुलतं का ते कडेने पाहावं. कोनांचे आकडे छापील स्टिकरवर आहेत की कोरलेले, शेगडा ३० अंशांवर घट्ट थांबतो की घसरतो, पायाला बोल्टसाठी जागा आहे का, दिवा आहे का, आणि चाकावरचं संरक्षक कवच पूर्ण आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. मग दोन दात, एक डावा आणि एक उजवा, करून घ्यावेत आणि कॅलिपरने लांबी मोजावी. विक्रेता चालवून दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान गाठावं. ऑनलाइन घेताना हे काहीच करता येत नाही, म्हणून परत करण्याची मुदत आणि सुट्या चाकांची उपलब्धता या दोनच गोष्टींवर निर्णय घ्यावा.

सुरक्षेबाबत थोडक्यात. नवं चाक चढवण्याआधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर चाकाला तडा आहे, ते फेकून द्यावं. चाकावर लिहिलेली कमाल गती मोटारच्या गतीपेक्षा जास्तच हवी. चाक चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहावं. चष्मा आणि मास्क लावावा, कारण पोलादाबरोबर क्रोमचीही धूळ उडते. चेन रॉकेलने धुतली असेल तर पूर्ण कोरडी करून, रॉकेलचा डबा लांब ठेवूनच ठिणग्या पाडाव्यात. अर्थिंगची तीन पिनांची जोडणी असावी.

हिशेब आणि निवाडा

पैशांचा हिशेब मशीनच्या किमतीवरून सुरू करू नये, चेनवरून करावा. पात्याची लांबी साधारण ४ मिमी उरली किंवा दातावरची झिजेची खूण आली की चेन बाद होते. म्हणजे प्रत्येक धारेला किती धातू गेला, यावर एका चेनला किती धारा मिळणार ते ठरतं. हलक्या हाताने काढलेला धातू आणि डुलत्या मशीनने उगाच खाल्लेला धातू यांतला फरक वर्षभरात काही चेनच्या किमतीएवढा होतो. आपल्या गावातला दुकानदार एका चेनला किती घेतो, आपल्या किती चेन वर्षाला होतात आणि किती लवकर बाद होतात, हे तीन आकडे कागदावर मांडले की मशीन घ्यावं की नाही ते आपोआप कळतं.

घरच्या बागेपुरती एक करवत असेल तर ग्राइंडर घेऊ नये. कानस शिकावी आणि खिळ्यावर गेलेली चेन दुकानात द्यावी. १०८ मिमीचं हलकं मशीन ज्याला कानस येते आणि ज्याला अधूनमधूनच लागतं, त्यानेच घ्यावं, इतरांना ते महागात पडतं. दोन-तीन करवती आणि आठ-दहा चेन फिरवणाऱ्या ठेकेदाराने १४५ मिमी चाकाचं, धातूच्या अंगाचं, इंडक्शन मोटारचं मशीन घ्यावं. पैसे कमी पडत असतील तर आपोआप पकडण्याची सोय सोडावी, शेगड्याच्या घट्टपणाशी तडजोड करू नये. दुरुस्तीच्या दुकानाने आणि नगरपालिकेच्या उद्यान विभागाने आपोआप पकडणारं मशीन घ्यावं आणि जमल्यास डेप्थ गेजसाठी दुसरं जुनं मशीन जाड चाकासह कायमचं लावून ठेवावं.

गावपातळीवर याहून शहाणपणाचा मार्ग एकत्र घेण्याचा आहे. शेतकरी गटांच्या अवजार बँकांत ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, फवारणी पंप असतात. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या अवजार बँकांनी एक चांगलं ग्राइंडर, दोन मापांची चाकं आणि ते चालवायला शिकलेला एक माणूस एवढं ठेवावं. पुढचं वादळ आलं की गावातल्या करवती किती आहेत यापेक्षा त्यांतल्या किती धारेच्या आहेत, यावर रस्ता कधी मोकळा होणार ते ठरेल.